दोन फुटांचा खड्डा

सोलापूरहून मंगळवेढामार्गे सांगोल्याला जाताना मोबाइल बाजूला ठेवून खिडकीबाहेर बघा. मंगळवेढ्याच्या आसपास जमीन काळी, भारी, ज्वारीची. पुढे सांगोल्याकडे ती फिकट होते, मुरूम वर येतो, माळ सुरू होतो. आपल्याकडचा जुना हिशोब सोपा होता. काळ्या रानाला भाव, आणि माळ शेरडामेंढरांना. हा हिशोब ज्या झुडपानं उलटा केला, ते म्हणजे डाळिंब.

डाळिंब हे खरं तर झाड नव्हे, झुडूप. मोकळं सोडलं तर जमिनीतूनच चार-पाच खोडं फुटतात. त्याच्या मुळांना ओल लागते, तशीच हवाही लागते. काळी चिकण माती पाणी धरून बसते, फुगते, आणि मुळं गुदमरतात. मुरमाड जमिनीतून पाणी निथळून जातं. ज्या गुणामुळे माळ नापीक ठरला, तोच गुण डाळिंबाला हवा होता. हे कळायला आणि त्याचा उपयोग करायला मात्र बराच काळ गेला.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही भरवशाचा नाही. या भागानं त्यावर शोधलेलं पहिलं उत्तर म्हणजे पाणी साठवणं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या नावाचा तलाव आजही शहराच्या मध्यभागी आहे. शहराजवळचा एकरुख, म्हणजे हिप्परग्याचा तलाव, १८७१मध्ये पूर्ण झाला. दुसरं उत्तर १९३३मध्ये आलं. त्या वर्षी सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. बांध घाला, कुळवाच्या पाळ्या देऊन माती भुसभुशीत ठेवा, बियाणं कमी वापरा, ओळींत अंतर जास्त ठेवा, असं तिथलं सांगणं होतं. थोडक्यात, तलाव नसेल तर मातीलाच तलाव करा, आणि त्या ओलीवर जगतील एवढीच रोपं लावा.

डाळिंबाची गोष्ट याच सुमारास पुण्यात सुरू झाली. १९३६मध्ये गणेशखिंडीच्या बागेत डॉ. जी. एस. चीमा यांनी आळंदी वाणाच्या रोपांतून एक रोप निवडलं. मऊ बियांचं, गोड. तेच पुढे ‘गणेश’ डाळिंब म्हणून राज्यभर गेलं.

तरीही माळावर बाग उभी राहायला पैसा लागतो. १९७२च्या दुष्काळात सोलापूरसारख्या जिल्ह्यांतल्या माणसांनी मजुरीसाठी खडी फोडली, रस्ते केले. रोजगार हमी योजना त्याच काळात आकाराला आली. १९९०मध्ये सरकारनं तिला फळबाग लागवड जोडली. आता दुसऱ्याच्या रस्त्यावर नव्हे, स्वतःच्या रानात खड्डा खणायला, रोप लावायला आणि त्याला पाणी घालायला पैसे मिळू लागले. कुदळ तीच होती, पण खड्डा आपला होता.

तो खड्डा साधारण दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. उन्हाळ्यात खणून तापू द्यायचा, म्हणजे मातीतली कीड-बुरशी कमी होते. मग वरच्या थरातली चांगली माती, वीसेक किलो कुजलेलं शेणखत आणि किलोभर सुपर फॉस्फेट घालून भरायचा. पावसाच्या सुरुवातीला गुटी कलम लावायचं. पिशवी अलगद फाडायची, मुळाभोवतीचा मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, माती दाबायची, काठीचा आधार द्यायचा आणि लगेच पाणी. पुढच्या उन्हाळ्यात घागरीनं, पिंपानं पाणी आणून रोपं जगवावी लागत. मग ठिबक आलं आणि थेंब थेट मुळाशी पडू लागला.

पण डाळिंबाचं खरं कसब पाणी देण्यात नाही, तोडण्यात आहे. बहार धरण्याआधी महिना-दीड महिना बागेचं पाणी बंद करतात. याला ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडतात, गळतात. नवख्याला वाटतं, बाग गेली. मग छाटणी होते, खत पडतं, पहिलं पाणी सुटतं आणि झुडूप फुलांनी लाल होतं. आंबे बहाराला उन्हाळाभर पाणी लागतं, मृग बहार पावसावर निघतो, हस्त बहार पावसाच्या शेवटी धरतात. पाऊस पडून गेल्यावर ताण बसवायचा तर जमीन लवकर वाळणारी हवी. इथेही माळच कामाला येतो.

पुढे राहुरी कृषी विद्यापीठाचा ‘भगवा’ आला. २००५मध्ये सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं. २०१६मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं. माळावर बंगले दिसू लागले, तसा डाळिंबाचा मोह काळ्या रानालाही झाला. बोअर खोल गेले. ज्या झुडपाची निवडच कमी पाण्यासाठी होती, त्याच्यासाठी दुष्काळात टँकर धावले.

आणि मग संकट आलं ते ओलीतून. तेल्या हा जिवाणूजन्य रोग दमट, पावसाळी हवेत पसरतो आणि फळावर तेलकट डाग पाडून ते तडकवतो. मर रोगाला भारी, न निथळणारी जमीन मानवते. अलीकडच्या जास्त पावसाच्या वर्षांत खोड पोखरणारे बारीक भुंगेरेही आले. दुष्काळातून तगलेल्या सांगोल्यातल्या कितीतरी बागा शेतकऱ्यांना स्वतःच्या हातानं उपटून बांधावर टाकाव्या लागल्या.

यात दोष शेतकऱ्यावर ढकलणं सोपं आहे. पण चांगला भाव मिळणारं दुसरं पीक या भागात कोणतं? पाणी असेल तिथे ऊस, नसेल तिथे डाळिंब, असेच दोन रस्ते त्याच्यापुढे होते. पाऊस कधी जास्त पडेल, हे त्याच्या हातात नव्हतं.

कुंडीत डाळिंब किंवा मोगरा लावून रोज तांब्याभर पाणी घालणाऱ्या आपल्यालाही हे लागू आहे. पुढच्या वेळी पाणी घालण्याआधी बोट पेरभर मातीत घाला. ओल लागली, तर तांब्या खाली ठेवा. सांगोल्याच्या माळावर हेच शिकायला दोन पिढ्या गेल्या.