फुगलेला अणू आणि उटीची दुर्बीण

मृग नक्षत्रातील तेजोमेघासारख्या ढगांत तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांमुळे हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात. सुटलेला इलेक्ट्रॉन पुन्हा प्रोटॉनला मिळाला, की तो पायरी पायरीने खाली उतरतो आणि प्रत्येक उडीला ठरावीक वारंवारतेची लहर बाहेर पडते. २७३ व्या पातळीवरून २७२ व्या पातळीवर येताना ही वारंवारता सुमारे ३२५ मेगाहर्ट्झ असते. अणूची त्रिज्या पातळीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे तुम्हाला बोरच्या प्रतिमानावरून माहीत आहे. आता आकडा काढून पाहा: व्यास सुमारे ०.००८ मिलिमीटर, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशीएवढा!

शेजारच्या विद्युतभारांच्या धक्क्यांनी अशा अणूची रेषा पसरून दिसेनाशी होईल, असे १९४५ मध्ये व्हान डी हुल्स्ट यांना वाटले. १९५९ मध्ये कार्दाशेव्ह यांनी गणित पुन्हा मांडले. रेषा दिसायला हव्यात, असे उत्तर आले. १९६४ मध्ये सोव्हिएत निरीक्षकांना त्या दिसल्या. मधल्या काळात त्या फारशा कोणी शोधल्या नाहीत, याला तो पहिला अंदाजही कारण असावा, असे मला वाटते.

मात्र कमी वारंवारतेला दाट वायूतील रेषा खरोखरच पसरते. स्पष्ट उरते ती विरळ वायूची. त्यासाठी भारतात साधन तयार होते. गोविंद स्वरूप यांच्या गटाने १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद दुर्बीण उभारली होती. आज ती पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालवते. रामन संशोधन संस्थेचे के. आर. अनंतरामय्या यांनी १९८० च्या दशकात तिच्यातून आकाशगंगेच्या प्रतलात नेमकी हीच रेषा शोधली. ती मिळाली तेजोमेघांभोवतीच्या विस्तीर्ण आवरणांतून, जिथे घन सेंटिमीटरमागे जेमतेम एक ते दहा इलेक्ट्रॉन असतात.