कुत्र्याला माणसांची अ‍ॅलर्जीची गोळी देताय? आधी स्ट्रिपची मागची बाजू वाचा

पाऊस सुरू झाला की पाळीव कुत्र्यांची खाज वाढते. कान खाजवणं, पंजे चाटून लाल करणं, भिंतीला अंग घासणं सुरू होतं. दवाखाना लांब असतो, रविवार असतो, मग घरातल्या औषधांच्या डब्यातली सेट्रिझिन आठवते. ‘आपल्याला चालते, तर त्याला का नाही?’ असा प्रश्न पडतो.

साधी, एकाच औषधाची अ‍ॅलर्जीची गोळी पशुवैद्यही कुत्र्यांना देतात. खरा धोका असतो तो त्याच गोळीत मिसळलेल्या दुसऱ्या औषधांचा आणि अंदाजानं दिलेल्या मात्रेचा.

कोणती औषधं वापरात आहेत?

सेट्रिझिन, क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, हायड्रॉक्सिझिन आणि फेनिरामिन (बाजारातलं ओळखीचं नाव एव्हिल) ही औषधं कुत्र्यांसाठी वापरली जातात. मात्र प्रत्येकाची मात्रा वेगळी आहे. एकाचा हिशेब दुसऱ्याला लावू नये. सेट्रिझिन आणि लेव्होसेट्रिझिन ही नावं सारखी वाटली तरी गोळ्या एक नाहीत.

नाव नको, घटक बघा

एकाच औषधाची बेळगावात, पणजीत आणि इंदूरमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची नावं मिळतात. म्हणून ब्रँड पाठ करून उपयोग नाही. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, ते वाचावेत. तिथं एकापेक्षा जास्त औषधं दिसली तर ती गोळी कुत्र्यासाठी नाही असं समजावं. नावापुढं ‘कोल्ड’, ‘प्लस’ किंवा ‘डी’ असेल तर जास्तच सावध राहावं. पुढील घटक टाळायचेच:

- पॅरासिटामॉल : कुत्र्याच्या यकृताला आणि रक्तातील तांबड्या पेशींना इजा करतं. मांजराला तर एक गोळीही जीवघेणी ठरू शकते.
- स्यूडोएफेड्रिन, फिनाइलेफ्रिन : बंद नाक मोकळं करणारी औषधं. यांनी हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. स्यूडोएफेड्रिनची थोडी मात्राही घातक ठरते.
- आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक : पोटात व्रण, किडनीवर परिणाम.
- झायलिटॉल : काही शुगर-फ्री सिरपमधला गोडवा. कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्यानं उतरते, यकृतही निकामी होऊ शकतं.

इंटरनेटवरच्या अमेरिकन माहितीत ‘बेनाड्रिल द्या’ असं सर्रास सांगितलेलं असतं. तिकडं त्या नावाची फक्त डायफेनहायड्रामिनची गोळी मिळते. आपल्याकडं त्याच नावानं खोकल्याचं सिरप ओळखलं जातं, त्यात इतरही घटक असतात. ते कुत्र्याला पाजू नये.

मात्रा वजनावर

सेट्रिझिनची सर्वसाधारण मात्रा दर किलो वजनामागे सुमारे 1 मिलीग्रॅम, दिवसातून एकदा अशी धरली जाते. म्हणजे 10 मिलीग्रॅमची एक गोळी 10 किलोच्या कुत्र्याला, तर 5 किलोच्या स्पिट्झला अर्धीच. 22 किलोचा मुधोळ आणि 5 किलोचा स्पिट्झ यांना एकच माप लावलं तर लहान कुत्र्याला चौपटीहून जास्त औषध जातं.

वजन काढायला स्वतः कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहावं, मग एकट्याचं वजन वजा करावं. पहिली गोळी देण्याआधी पशुवैद्यांना फोन करून मात्रा पक्की करावी. पिल्लू, गाभण किंवा दूध पाजणारी कुत्री, फिट येणारा कुत्रा, तसंच हृदय, किडनी, यकृत, काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असलेला कुत्रा यांना परस्पर काहीच देऊ नये. गोचिडांसाठी अमिट्राझचं औषध लावलं असेल तर तेही सांगावं, कारण त्याचा या गोळ्यांशी मेळ बसत नाही.

खाज म्हणजे अ‍ॅलर्जीच असं नाही

गोचीड, पिसवा, खरूज, बुरशी, कानातला संसर्ग, या सगळ्यांत खाज असते. अशा खाजेवर अ‍ॅलर्जीची गोळी म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवण्यासारखं आहे. खऱ्या अ‍ॅलर्जीतही या गोळ्यांचा गुण थोड्याच कुत्र्यांना येतो. दोन-तीन दिवसांत फरक नसेल, केस गळत असतील, वास किंवा पू येत असेल तर गोळी वाढवू नये, तपासणी करून घ्यावी.

गोळीची वाट बघू नका

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर तोंड सुजणं, अंगावर गाठी उठणं हे दिसतं. पण श्वास घ्यायला त्रास, एकामागून एक उलट्या, पातळ जुलाब, हिरड्या पांढऱ्या पडणं किंवा कुत्रा कोसळणं ही जिवावरची अ‍ॅलर्जी असते. गोळीला असर करायला वेळ लागतो. तेवढा वेळ अशा कुत्र्याकडं नसतो, त्याला इंजेक्शन आणि सलाईन लागतं. त्याला थेट दवाखान्यात न्यावं.

आणखी एक गोष्ट. कुत्र्याची लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, वागणं विचित्र झालंय, अशा वेळी गोळी भरवायला त्याच्या तोंडात हात घालू नये. ते रेबीज असू शकतं. कुत्र्याला वेगळं ठेवून पशुवैद्यांना कळवावं. लाळ जखमेला लागली किंवा चावा बसला तर जागा साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुऊन लगेच माणसांच्या दवाखान्यात जावं.

जास्त गेलं तर

थोडी गुंगी येणं नेहमीचं. पण खूप सुस्ती, उलट अस्वस्थ धावपळ, थरथर, बुबुळं मोठी होणं किंवा फिट दिसली तर मात्रा जास्त झाल्याची शंका घ्यावी. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नये, त्यानंच जीव धोक्यात येतो. स्ट्रिप सोबत घेऊन निघावं आणि किती गोळ्या, किती वाजता, हे सांगावं. कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश या राज्यांत 1962 हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक आहे. ही सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी असल्यानं, जवळच्या कुत्र्यांच्या डॉक्टरांचा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवलेला बरा.