कीर्द, खतावणी आणि मेल मर्ज

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला लुका पाचोली नावाचे एक इटालियन साधू आमच्या मानगुटीवर बसले, ते अजून उतरायला तयार नाहीत. या साधूबुवांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये गणितावरचा एक जाडजूड ग्रंथ छापला आणि त्यात तिथल्या व्यापाऱ्यांची हिशेब लिहिण्याची पद्धत मांडली. आधी कच्ची वही, तिच्यावरून रोजकीर्द, कीर्दीवरून खतावणी! म्हणजे आकडा एक आणि तो लिहायचा तीनदा. वहीची सुरुवात देवाच्या नावाने करा, असंही ते सांगतात. आपल्याकडेही वहीच्या माथ्यावर 'श्री' लिहितात. नक्कल करणाऱ्याला देवाची गरज लागते, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक होतं म्हणायचं.

खतावणीतून खतावणीत आकडा नेणं तसं सोपं. खरी गंमत तो पत्रात न्यायचा तेव्हा. तक्त्यात माणूस ही नुसती एक ओळ असते. पत्रात त्यालाच 'श्री. अमुक यांस, सप्रेम नमस्कार' म्हणावं लागतं. ओळीचा माणूस करणं हे कित्येक वर्षं कारकुनाचं काम होतं. १९६४ साली आय.बी.एम.ने चुंबकीय फितीवर चालणारा टंकलेखक आणला. त्याच्या एका प्रकारात दोन फिती बसायच्या, एकीवर पत्राचा मजकूर आणि दुसरीवर नावं-पत्ते. यंत्र दोन्ही जुळवून पत्रांमागून पत्रं बडवत बसे. मेल मर्जचा जन्म झाला तो असा, बारसं मागाहून.

तक्ता पडद्यावर आला १९७९ साली. हार्वर्डला शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनने पाहिलं, की फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की प्राध्यापकांना पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागतात. त्याने बॉब फ्रँकस्टनला जोडीला घेऊन 'व्हिसिकॅल्क' काढलं. फळा पुसणारे प्राध्यापक आम्हीही भरपूर पाहिले; पण आम्ही तेवढ्या वेळात डुलकी काढायचो. पुढे १९८५ साली मॅकिंटॉशवर एक्सेल आलं, आणि १९८७ साली विंडोजवर. आपल्याकडे बँकांच्या यांत्रिकीकरणावर रंगराजन समितीचा अहवाल १९८४चा. यंत्र आलं की माणूस जाणार, ही तेव्हाची धास्ती. माणूस गेला नाही. यंत्राने केलेलं तपासायला तो बसून राहिला.

आणि तपासण्यासारखं पुष्कळ असतं हो! मेल मर्जमध्ये एक्सेलमधला आकडा पत्रात येतो तो अंगावरचे कपडे मागे टाकून. लाखाचे स्वल्पविराम गळतात, तारखेचा दिवस महिन्याच्या जागी जाऊन बसतो. खाते क्रमांकापुढची शून्यं एक्सेलला निरुपयोगी वाटतात, म्हणून ते आधीच काढून टाकतं. सोळा आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा स्वतःच्या जबाबदारीवर शून्य करतं. यावर उपाय आहेत. तो रकाना नोंदी करण्यापूर्वीच 'मजकूर' म्हणून जाहीर करावा, रकमेचा आणि तारखेचा साचा पत्रातल्या रिकाम्या जागेलाच जोडून द्यावा, आणि पाचशे पत्रं छापण्याआधी पहिली पाच डोळ्यांनी वाचावीत. यातली पाचवी गोष्ट, म्हणजे वाचणं, कुणी करत नाही. (पाचवी कशी, ते मोजू नका, बँकेत बेरीज आम्ही करतो.)

इंग्लंडमध्ये २०२० साली, ऐन करोनात, बाधितांच्या याद्या एक्सेलच्या जुन्या साच्यात ओतल्या जात होत्या. त्या साच्यात ओळी मावतात ६५,५३६. एकेका रुग्णाच्या मात्र कितीतरी. भांडं भरलं आणि उरलेलं मुकाट्याने सांडलं. १५,८४१ बाधितांची नावं पुढे पोहोचलीच नाहीत. त्यांना स्वतःला निकाल कळला होता. पण ज्यांच्या शेजारी ते बसले-जेवले, त्यांना सावध करायला उशीर झाला.

आमच्या धंद्यात एवढं मोठं काही सांडत नाही. काही वर्षांपूर्वी एका शाखेतून ज्येष्ठ ग्राहकांना वाढदिवसाची पत्रं गेली. एक आजी ते पत्र घेऊन काउंटरवर आल्या. वर लिहिलं होतं, 'श्री. कै. अमुक यांस, उत्तम आरोग्यासाठी हार्दिक शुभेच्छा.' नावाच्या रकान्यात कुणीतरी प्रामाणिकपणे 'कै.' लिहिलेलं, यंत्राने त्यापुढे प्रामाणिकपणे 'श्री.' लावलेलं. काउंटरवरच्याला काय बोलावं ते सुचेना. आजीच म्हणाल्या, ''असू दे रे बाबा. त्यांच्या नावाचं पत्र किती दिवसांनी आलं! पण माझं पेन्शनचं काम तेवढं बघ. चार महिने झाले, त्याचं पत्र काही येत नाही.''

पेन्शनच्या तक्त्यात त्यांची ओळ नव्हती. दुपारी एकाने ती हाताने भरली.