भिंतीआडचा गडी

पत्त्यांच्या डावात समोरच्याची पानं दिसत नाहीत, कारण ती त्याच्या हातात असतात. संगणकावरच्या युद्धखेळांत मात्र प्रत्येकाची पानं प्रत्येकाच्या घरी पोचायची, नुसती पालथी घातलेली. १९९७च्या 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये तारेवरून जायचे ते फक्त हुकूम; आख्खी लढाई प्रत्येक संगणक आपापली चालवायचा. मोडेमच्या जमान्यात शेकडो तिरंदाजांची खबरबात क्षणोक्षणी पाठवणं परवडणारंच नव्हतं. शत्रूला लपवणारा नकाशावरचा काळोख म्हणजे निव्वळ पडदा. तो सारणाऱ्या चोरट्या प्रोग्रॅमना नाव पडलं मॅपहॅक.

यावरचा तोडगा तोवर पावणेदोनशे वर्षांचा झाला होता. राइसविट्झ या तरुण प्रशियन अधिकाऱ्याने १८२४ साली लष्करासाठी नकाशावरचा युद्धखेळ रचला. त्यात दोन्ही पक्ष आपले हुकूम पंचाला लिहून देत, आणि शत्रूच्या नजरेत आलेल्या तुकड्यांचेच ठोकळे पंच नकाशावर मांडी. न दिसणारी तुकडी मांडायचीच नाही, मग ती झाकायची कशाला?

संगणकाला असा पंच लाभला तो जवळजवळ अपघाताने. १९९६च्या 'क्वेक' या गोळीबाराच्या खेळात त्याचे प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांना घाई होती ती चित्र काढण्याची. भिंतीआडचं रंगवण्यात वेळ जाऊ नये म्हणून त्यांनी नकाशाचे बारीक कप्पे पाडले आणि कुठल्या कप्प्यातून कुठले कप्पे दिसू शकतील, याची यादी आधीच गणित करून ठेवली. कल्पना सेथ टेलर यांच्या १९९२च्या बर्कलेतल्या प्रबंधासारख्या कामातून आलेली. यादी तयारच होती, तेव्हा सर्व्हरनेही तीच वापरली: तुझ्या कप्प्यातून जो गडी दिसूच शकत नाही, त्याची खबर तुला नाही. हेतू मोडेमवरचा भार कमी करण्याचा; गुपित राखलं गेलं ते वरकड.

पण यादी 'दिसू शकतील' अशांची. कोपऱ्यापलीकडे दबा धरून बसलेला गडी त्यात असायचाच, आणि भिंतीपलीकडचं दाखवणारे चोरटे प्रोग्रॅम, म्हणजे वॉलहॅक, वापरणाऱ्यांचं तेवढ्यावर भागायचं. २०२०च्या 'व्हॅलोरंट' या खेळाने कोण कोणाला दिसेल याची सर्व्हरवरची तपासणी आणखी काटेकोर केली. तिथेही एक अडचण: खबर पोचायला वेळ लागतो. गडी दिसल्यावरच ती धाडली, तर तो हवेतून टपकल्यासारखा समोर येतो. म्हणून सर्व्हर ती किंचित आधी सोडतो. चोराच्या वाट्याला आता तेवढाच क्षण उरतो.