छातीतली जळजळ आणि पोटातला जंतू

रत्नागिरीत कुणाच्या छातीत जळजळ झाली की घरातले म्हणतात, ‘पित्त झालंय.’ मग सोलकढी, नाहीतर मेडिकलमधली गोळी. पण या एका शब्दात दोन वेगळे आजार मिसळलेले असतात: जठर किंवा लहान आतड्याच्या तोंडाशी होणारा व्रण, म्हणजे अल्सर, आणि आम्ल अन्ननलिकेत उलटे चढणे. दोघांची कहाणी निराळी आहे.

व्रणाचा इतिहास आपल्यासारख्या भातखाऊ प्रदेशांशी जोडलेला आहे. १९२२ आणि १९२४च्या एव्हरेस्ट मोहिमांतले सर्जन हॉवर्ड सॉमरवेल त्रावणकोरातल्या नेय्यूरच्या मिशन दवाखान्यात काम करत. तिथे त्यांनी व्रणाच्या पुष्कळ शस्त्रक्रिया केल्या. पुढे म्हैसूरला काम केलेले सर्जन फ्रँक टोवी यांनी देशभरची माहिती जमवून दाखवले की, गहू खाणाऱ्या उत्तरेत व्रण कमी, भात खाणाऱ्या दक्षिणेत जास्त. एरवी दोष तिखटाला आणि काळजीलाच दिला जाई.

१९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वाढवून दाखवला. लोकांना पटेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतः तो जंतू प्यायले आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. मात्र टोवींचा प्रश्न उरलाच. जंतू उत्तर भारतातही सर्रास आढळतो, मग व्रण तिथे कमी का? म्हणजे जंतूच्या जोडीला आणखीही काही कारणे असली पाहिजेत.

आम्ल वर चढण्याचे मूळ वेगळे आहे. अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते, म्हणून ते होते. जंतू जठरभर पसरला तर आम्ल तयार करणाऱ्या पेशी झिजतात, आम्ल घटते आणि जळजळ उलट कमी होऊ शकते. १९९७ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात जंतू मारलेल्या रुग्णांत अन्ननलिकेचा दाह जास्त दिसला, आणि जंतू मारावा की ठेवावा, असा वाद पेटला. पुढच्या अभ्यासांतून ती भीती बहुतांशी निवळली. जंतूवर उपचार केल्याने हा आजार उद्भवतो, असे आज तज्ज्ञ मानत नाहीत.

म्हणून जंतूची तपासणी करून औषधांचा कोर्स पूर्ण करावा, आणि नुसती जळजळ असेल तर सवयी बदलाव्यात. सहरी करून लगेच आडवे होणे किंवा इफ्तारला तळलेले भरपूर खाणे या झडपेला सोसत नाही. गिळताना अडकत असेल, शौचास काळे होत असेल किंवा वजन उतरत असेल, तर ‘पित्त’ म्हणून गोळ्या घेत बसू नये. डॉक्टरांना दाखवावे.