नाकातलं मेण

आमच्या धंद्यात सगळ्यात छळणारा बग म्हणजे दोन-तीन वर्षांनी उगवणारा. ज्याने कोड लिहिला तो नोकरी सोडून गेलेला, आणि काय बदललं होतं ते कुणालाच आठवत नाही. ओळखीतल्या एका काकूंच्या ओठाजवळ गाठ आली, तेव्हा असंच झालं. दाताचं इन्फेक्शन म्हणून दोनदा अँटिबायोटिक झालं, गाठ तिथेच. शेवटी निघाला फिलर! मग काय, हा शनिवार फिलरचा इतिहास वाचण्यात गेला.

१८९९ साली व्हिएन्नात रॉबर्ट गेर्सुनी या सर्जनने क्षयामुळे वृषण काढावे लागलेल्या एका रुग्णाला त्या जागी चक्क व्हॅसलीन टोचलं. ते जमलं म्हटल्यावर लोक पॅराफिन, म्हणजे मेणच, नाकात नि गालात भरायला लागले. ग्लॅडिस डीकन ही त्या काळची नावाजलेली सुंदरी (१९२१ मध्ये मार्लबरोची डचेस झाली). ग्रीक पुतळ्यासारखं नाक हवं म्हणून तिने विशीत मेण भरून घेतलं, आणि ते खाली ओघळलं. १९७७ पर्यंत जगली बिचारी, त्याच चेहऱ्यानिशी.

पण ओघळलेलं निदान दिसतं तरी. खरी गोची वर्षांनी येणाऱ्या गाठींची. शरीराला मेण पचवता येत नाही, हाकलताही येत नाही. मग पेशी त्याला घेराव घालून बसतात. हा ग्रॅन्युलोमा. आता तो क्षयातही होतो आणि सार्कॉइडोसिसमध्येही, मग ओळखायचं कसं? तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. स्लाइड बनवताना पॅराफिन विरघळून जातं आणि मागे भोकं उरतात, स्विस चीजसारखी. चोर पळाला, पण त्याच्या मापाचं भोक जागेवर! मला हे भयंकर आवडलं.

१९८१ मध्ये अमेरिकेत गाईच्या कोलॅजेनला परवानगी मिळाली, तेव्हा आधी हातावर चाचणी करून चार आठवडे थांबायचे. नंतरच्या हायलुरोनिक अ‍ॅसिडला तशी चाचणी लागत नाही, शिवाय ते विरघळवणारं एन्झाइमही आहे. तरी उशिरा येणारी सूज सुटली नाहीच. डिसेंबर २०२० मध्ये मॉडर्नाच्या लशीचे कागद एफडीएपुढे आले, त्यात फिलर घेतलेल्यांचे चेहरे लशीनंतर सुजल्याची नोंद होती. एकीने तर फिलर सहा महिन्यांपूर्वी घेतला होता.

काकूंना प्रत्येक डॉक्टरने विचारलं होतं, "काही औषधं चालू आहेत का?" त्या खरंच सांगत होत्या, "नाही." फिलरला औषध कोण म्हणतं? शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी काकांना बाहेर बसवलं आणि सरळ विचारलं, "चेहऱ्यावर कधी इंजेक्शन घेतलंय?" मुलाच्या लग्नाआधी घेतलं होतं. सात वर्षं झाली.

काकांना अजून ठाऊक नाही. ते ब्लॉग वाचत नाहीत, म्हणून लिहितोय.