मुंबई–लंडन हवाई अंतर व उड्डाणकाल

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचे हीथ्रो विमानतळ यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर (सुमारे ४,४८० मैल) आहे. थेट विमानाला मुंबईहून लंडनला जाण्यास साधारणपणे साडेनऊ ते दहा तास, तर परतीस सुमारे नऊ तास लागतात. अंतर तेच असूनही वेळ बदलतो. याची कारणे वारे आणि प्रत्यक्ष मार्ग यांत आहेत.

हवाई अंतर

दोन स्थळांमधील हवाई अंतर बृहद्वृत्तावर मोजतात. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरल्यास तो ज्या रेषेवर बसतो, तो सर्वांत जवळचा मार्ग होय. मुंबईहून निघणारी ही रेषा वायव्येकडे अरबी समुद्र, बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र, कॉकेशस, काळा समुद्र आणि पूर्व युरोप यांवरून जाते. भिंतीवरील सपाट नकाशात मात्र हाच मार्ग उत्तरेकडे वाकलेला दिसतो.

उड्डाणकाल

प्रवासी जेट विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. नुसत्या भागाकाराने आठ तास येतात. परंतु वर चढणे, खाली उतरणे, धावपट्टीपर्यंतची वाटचाल आणि वळणाचा मार्ग यांमुळे वेळ वाढतो. शिवाय ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट प्रवाह वाहतात. लंडनला जाताना ते समोरून येतात आणि परतताना पाठीमागून साहाय्य करतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो.

घड्याळातील फरक

भारतीय प्रमाणवेळ लंडनच्या पुढे असते. हा फरक हिवाळ्यात साडेपाच तास, तर उन्हाळ्यात साडेचार तास असतो. उदाहरणार्थ, हिवाळ्यात मुंबईहून दुपारी २ वाजता निघालेले विमान दहा तासांनी लंडनला पोहोचल्यास तेथे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. लंडनहून सकाळी १० वाजता निघून नऊ तासांत मुंबईस आल्यास येथे रात्रीचे साडेबारा वाजून तारीख बदललेली असते. म्हणून तिकिटावरील सुटण्याची व पोहोचण्याची वेळ यांची थेट वजाबाकी केल्यास प्रवासाचा खरा कालावधी मिळत नाही.

इतिहास

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ‘मलबार प्रिन्सेस’ या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानाने मुंबई–लंडन सेवेस प्रारंभ झाला. ही कंपनीची पहिली आंतरराष्ट्रीय सेवा होती. पंख्याच्या इंजिनांचे हे विमान कैरो व जिनिव्हा येथे थांबत लंडनला गेले.

हवाई हद्दींचा परिणाम

पृथ्वीवरील अंतर स्थिर असले तरी विमानाला कापावे लागणारे अंतर राष्ट्रांच्या संबंधांवरही अवलंबून असते. पाकिस्तानने फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात आपली हवाई हद्द मोठ्या प्रमाणात बंद ठेवली होती. एप्रिल २०२५ मध्ये त्याने ती भारतीय कंपन्यांच्या विमानांसाठी पुन्हा बंद केली. अशा वेळी भारतीय विमाने अरबी समुद्रावरून वळसा घालतात व इंधन अधिक खर्ची पडते. मुंबई दक्षिणेस आणि समुद्रकाठी असल्यामुळे तिला हा वळसा दिल्लीपेक्षा कमी पडतो. युक्रेनची हवाई हद्दही फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांसाठी बंद असल्यामुळे विमानांना तिच्या दक्षिणेकडून जावे लागते.